रतनगड ते हरिश्चंद्रगड, उजव्या गुडघ्याच्या कलाने

सगळे विचारतात किती उंच चढलात. माझा उजवा गुडघा विचारतो किती उतरायचंय. चढायला त्याची काही तक्रार नसते, दम लागतो तो मला लागतो, त्याला नाही. पण उतार सुरू झाला की पंधरा-वीस मिनिटांत वाटीच्या खाली आणि मागे कुठेतरी दुखायला लागतं, आणि मग प्रत्येक पायरीला हजेरी. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी एमआरआय बघून सांगितलं होतं की वाटीच्या मागची कूर्चा झिजायला लागलीय, ऑपरेशनचं काही नाही, वजन आटोक्यात ठेवा, मांडीचे स्नायू तयार करा आणि चालणं बंद करू नका. शेवटचं वाक्य ऐकून मला इतका आनंद झाला की आधीची दोन फिजिओने पुन्हा ऐकवेपर्यंत लक्षातच आली नव्हती.

तर डिसेंबरमध्ये भाच्याने रतनगड–हरिश्चंद्रगडाचा प्लॅन काढला तेव्हा मी नकाशा घेऊन बसले आणि चढ सोडून फक्त उताराचा हिशोब मांडला. कुठल्या दिवशी किती मीटर खाली यायचंय, सॅक पाठीवर असताना की नसताना, आणि दुसऱ्या दिवशी परत उतार आहे का. एका मोठ्या उताराच्या दुसऱ्या दिवशी दुसरा मोठा उतार नको, एवढा एकच नियम. मूळ प्लॅनमध्ये पहिल्याच दिवशी कळसूबाई होती. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, बारी गावातून आठ-नऊशे मीटर चढायचं आणि तेवढंच त्याच दिवशी उतरायचं. मी सरळ सांगितलं, कळसूबाई तुम्ही करा, मी जीपमधून नमस्कार करते.

आम्ही पाच जण. मी, ऑफिसातली एक मैत्रीण (वय माझ्याच आसपास, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, गुडघे मात्र लोखंडी), भाचा आणि त्याचे दोन मित्र जे पहिल्या तासातच मला मावशी म्हणायला लागले.

पहिला दिवस : कसारा, बारी, रतनवाडी

रात्रीची शेवटची कसारा लोकल, मग पहाटेपर्यंत स्टेशनवर चहा आणि डुलक्या, मग जीप. हा प्रवास ट्रेकरला पाठ असतो. पण गुडघेवाल्यांसाठी एक सांगते, ट्रेकमधला पहिला त्रास इथे होतो, डोंगरावर नाही. दहा माणसांच्या जागेत चौदा, पुढच्या सीटला गुडघे टेकलेले, आणि तसंच दुमडून दीड-दोन तास. वाटीमागचं दुखणं असेल तर असं दुमडून बसलं की ते हमखास जागं होतं, म्हणूनच सिनेमा बघून उठताना पहिली चार पावलं लंगडत पडतात. मी ड्रायव्हरदादांना आधीच सांगून पुढची सीट मागितली, घोटीला चहासाठी थांबलो तेव्हा उतरून पाय सरळ करून दहा-बारा वेळा मांडी आवळली-सोडली. टपरीवरचे दोन काका बघत होते, बघू देत.

मुलं बारीला उतरली. आम्ही दोघी पुढे शेंडीवरून रतनवाडीला. वाटेत भंडारदऱ्याचं पाणी एका बाजूला, थंडीत त्यावर धुकं, मैत्रीण फोटो काढत होती आणि मी पाय कुठे पसरता येतील ते शोधत होते.

रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ मी आधी पाहिलं होतं पण तेव्हा ट्रेकच्या घाईत, सॅक पाठीवर ठेवूनच. ह्या वेळी सबंध दुपार होती. शिलाहार राजा झंजाने बांधलं असं सांगतात. बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम बघायला मान मोडते, आणि जवळच्या पुष्करणीत चारी बाजूंनी कोनाडे आणि त्यात मूर्ती. पुष्करणीच्या पायऱ्या उतरताना फिजिओचा नियम मनातल्या मनात म्हटला, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. कारण वरच्या पायरीवर राहिलेला पाय शरीर हळूहळू खाली सोडायचं काम करतो, ते काम चांगल्या पायाला द्यायचं. ऐकायला सोपं आहे हो, पण पन्नास वर्षांची सवय मोडायची म्हणजे प्रत्येक पायरीला विचार करावा लागतो.

मुलं अंधार पडता पडता आली, कळसूबाईच्या शिड्या आणि माथ्यावरचं देऊळ आणि कुणाचे पाय कसे लटपटले ते सगळं ऐकवून झालं. सगळ्यात जास्त लटपटलेला भाचाच होता, वय वर्षं तेवीस. रात्री त्याने हळूच विचारलं, मावशी तो तुझा स्प्रे आहे का गं.

दुसरा दिवस : रतनगड, आणि शिड्यांबद्दल

सॅक रतनवाडीत ज्यांच्याकडे उतरलो त्यांच्याकडेच ठेवल्या. पाठीवर फक्त पाणी, डबा, नी कॅप. गडावरच्या गुहेत मुक्काम करायचा जुना शिरस्ता आहे पण त्यासाठी सगळं सामान वर न्यावं लागतं आणि मुख्य म्हणजे खाली आणावं लागतं, म्हणून मी विरोधात होते. पायऱ्या उतरताना वाटीच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या तिप्पट-चौपट भार येतो असं फिजिओने सांगितलं होतं, त्यामुळे पाठीवरचा एक किलो हा गुडघ्याला एक किलो नसतो. एकदा हे डोक्यात बसलं की सॅक भरताना हात आपोआप आखडता होतो. जाड टॉवेल गेला, दुसरी जीन्स गेली (जीन्स नेतातच कशाला), पॉवर बँक दोघींत एक.

वाट सुरुवातीला प्रवरेच्या पात्रातून, ती दोन-तीनदा ओलांडून जंगलात शिरते. डिसेंबरात पाणी कमी, दगड मोठाले. हा भाग लोक बडबडत पार करतात पण माझ्यासाठी हाच त्रासाचा, कारण दगडावरून दगडावर उडी मारून उतरणं म्हणजे एका पायावर सगळा भार धपकन. मी दगडांमधून खालून जाते, बूट ओले झाले तर होऊ देत.

पुढे एक फाटा येतो, डावं-उजवं विचारू नका, पाटी आहे आणि नसली तर वाट मळलेली आहे. एक वाट शिड्यांकडे आणि दुसरी कात्राबाईच्या खिंडीकडे, उद्याची. मग खडा चढ आणि लोखंडी शिड्या.

शिड्या बघून मैत्रीण म्हणाली, "अगं तुला जमेल ना हे?" मला शिड्यांची अजिबात भीती वाटत नाही. शिडीवर हातांनी वजन पेलता येतं, पाय नुसते ठेवायला असतात. उतरतानाही तोंड शिडीकडे करून उतरायचं म्हणजे गुडघा पुढे झेपावत नाही. उलट शिड्यांच्या वरच्या त्या कातळात खोदलेल्या पायऱ्या, एकेक फूट-दीड फूट उंच, मधेच तुटलेल्या, त्यांनी माझा जीव काढला. गणेश दरवाजा, हनुमान दरवाजा, डावीकडे रत्नादेवीची गुहा, सगळीकडे अशाच. चढताना दोन्ही हात मांडीवर टेकून, उतरताना आडवं होऊन, खेकडा म्हणा हवं तर.

माथ्यावर नेढं. कातळाला आरपार पडलेलं भोक, त्यात बसलं की वारा असा येतो की टोपी सांभाळावी लागते. समोर अलंग-मदन-कुलंग, कळसूबाई, दुसऱ्या अंगाला आजोबाचा डोंगर. भाच्याने नेढ्यात बसून पाय खाली सोडले आणि मी मागे कातळाला टेकून पाय सरळ पसरून बसले, दोघांनाही सारखाच आनंद. त्र्यंबक दरवाज्याच्या बाजूने उतरून गडाला वळसा घालून येता येतं, पण त्या बाजूच्या पायऱ्या अजून उंच, म्हणून मुलं तिकडून गेली आणि आम्ही आल्या वाटेने परत.

उतरायला सुरुवात करायच्या आधी नी कॅप चढवली. ही माझी पद्धत, दिवसभर घालून हिंडत नाही. चढताना घामाने आतून कातडी उकडते, खाली सरकते, पोटरी आवळते, आणि खरी गरज असते तेव्हा आपण वैतागून काढून टाकलेली असते. वाटीला भोक असलेली, मध्यम घट्ट, पोटरीत बोट सहज गेलं पाहिजे. ती काही गुडघा बरा करत नाही, पण आधार आहे असं वाटतं आणि पाऊल नीट पडतं, माझ्यासाठी एवढं बास.

खाली आल्यावर दुखणं दहापैकी तीन. माझी रेष चारला आहे. चारपर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळी परत मूळपदावर येत असेल तर चालत राहायचं, त्याच्या वर गेलं किंवा सकाळपर्यंत उतरलं नाही तर पुढचा दिवस कमी करायचा. आणि सूज आली, गुडघा अडकला, किंवा चालता चालता एकदम लटपटून दुमडला, तर हिशोब बंद, गाडी बघायची. हे सगळं फिजिओने लिहून दिलं होतं आणि मी तो कागद प्लास्टिकमध्ये घालून नेला होता, मुलं त्याला मावशीचं संविधान म्हणत होती.

तिसरा दिवस : कात्राबाईची खिंड आणि उताराचा खरा अर्थ

हाच दिवस सगळ्यात मोठा. सॅक पाठीवर, कालचंच जंगल परत, मग फाट्यावरून खिंडीकडे. चढ लांब आहे पण सावली भरपूर, आणि चढाबद्दल मला काही सांगायचं नाही. खिंडीत कात्राबाईचा शेंदूर फासलेला दगड, तिथे सगळे थांबतात, आम्ही चिक्की ठेवली आणि चिक्की खाल्ली.

तिथून पलीकडे कुमशेतकडे उतार.

मांडीचा पुढचा स्नायू म्हणजे गाडीचा ब्रेक. कसारा घाटात उतरणारे ट्रक बघा, सतत ब्रेक दाबून धरला तर लायनिंग जळतं, म्हणून शहाणा ड्रायव्हर आधीच गिअर खाली घेतो. चढताना हा स्नायू आखडत काम करतो, उतरताना ताणला जात जात आवरायचं काम करतो, आणि ते आवरणं जास्त दमवतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या त्याच्यामुळे. स्नायू दमला की धक्का पचवायला कोणी राहत नाही आणि तो सगळा सांध्यावर जातो. म्हणून उताराच्या शेवटच्या तासात गुडघे पहिल्या तासापेक्षा जास्त दुखतात. आणि म्हणूनच ट्रेकच्या आधी महिनोन् महिने घरी भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसायचं आणि पायरीवरून एक टाच हळूहळू खाली टेकवायची, हे दोन व्यायाम मी कुकरच्या शिट्ट्या मोजत केले. नुसतं चालून हे होत नाही, सपाटीवर कितीही चाला.

माझा खालचा गिअर म्हणजे छोटी पावलं. मोठ्या पावलात गुडघा सरळ होतो आणि टाच आपटते, छोट्या पावलात गुडघा किंचित वाकलेला राहतो. उतार मोकळा असेल तर नागमोडी. आणि मुरमाड घसाऱ्यावर अंग मागे टाकायचं नाही, भीतीने सगळे मागे रेलतात आणि मग पाय पुढे निसटतो आणि गुडघा पिरगळतो. जिथे टप्पा कमरेएवढा तिथे सरळ बूड टेकून उतरायचं. ट्रॅक पँटचं मागचं कापड फाटेल, ते शिवता येतं.

आता पोलची गोष्ट. दोन ट्रेकिंग पोल (लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या काठ्या) होते, उतारासाठी सात-आठ सेंटीमीटर लांब केलेले, आधी दोन्ही पोल खाली टेकवायचे आणि मग पाऊल. ऑस्ट्रियात १९९९ मध्ये झालेला एक अभ्यास आहे, २५ अंशांच्या उतारावर पोल घेऊन आणि न घेता लोकांना चालवलं आणि गुडघ्यावरचा भार पोलमुळे १२ ते २५ टक्के कमी भरला. पण हे सगळं पोलने वजन पेललं तर. माझे पिळून घट्ट करायचे होते, आणि खिंडीच्या खाली अर्ध्या उतारावर, नेमका भार टाकला असताना, उजव्या हातातला सुर्रकन आत गेला. पडले नाही, डाव्यावर सावरलं, पण उजवा गुडघा आतल्या बाजूला वळला आणि मी जे काही ओरडले ते भाच्याच्या मित्रांनी मावशीच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आत धूळ गेली की ही पकड सुटते, कितीही पिळा. भाच्याने मेडिकल किटमधली चिकटपट्टी काढून सांध्यावर गुंडाळली, ती चाळीस पावलं टिकली.

बसून पंधरा मिनिटं. दाबून बघितलं, सूज नाही, वाकतोय, सरळ होतोय, पूर्ण भार घेतोय. दुखणं पाच. माझी सॅक मुलांनी वाटून घेतली, मी नको म्हटलं नाही. पेनकिलर मागितली का? नाही. पॅरासिटामॉल होती, ती रात्री झोपायच्या आधी घेतली, उतरताना नाही, कारण उतरताना मला खबर हवी असते. आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकच्या गोळ्या उन्हात कमी पाणी पिऊन चालताना तोंडात टाकायच्या हे मला पटत नाही, शरीर कोरडं असताना त्या किडनीला जड जातात. ग्रुपमध्ये चॉकलेटसारख्या वाटतात लोक.

खाली शेताच्या बांधावर एक आजोबा गुरं घेऊन बसले होते. आमची वरात बघून त्यांनी काही न विचारता स्वतःची काठी पुढे केली. वेळूची, खांद्याला लागेल एवढी उंच, खालचं टोक झिजून गोल झालेलं, वरची पकड तेलकट काळी. मी म्हटलं, "आजोबा, तुम्हाला?" तर म्हणाले, "घरी लई पडल्यात, तुमी चाला." ती काठी दोन्ही हातांनी धरून, पुढे टेकवून, मी कुमशेतपर्यंत उतरले, आणि तिला कुठलीही पिळायची पकड नसल्याने ती कुठेही आत गेली नाही.

कुमशेतमध्ये ज्यांच्याकडे राहिलो त्या वहिनींनी पाट मांडले, गरम नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. मी उभीच. मांडी घालून बसणं त्या दिवशी शक्य नव्हतं आणि सांगायला संकोच वाटत होता. वहिनींनी एकदा पायाकडे बघितलं आणि आतून धान्याचं पोतं ओढून आणलं, त्यावर बसवलं, ताट पुढे पत्र्याच्या डब्यावर. मग स्वतःचा गुडघा दाखवला, माझ्यापेक्षा सुजलेला. त्या रोज दोन हंडे घेऊन विहिरीवरून चढून येतात. "थंडीत लई ठणकतं ओ ताई," एवढंच म्हणाल्या आणि चुलीवर तवा ठेवला. एरंडाची पानं, त्यांना तेलाचा हात, तव्यावर नरम होईपर्यंत गरम, आणि सोसवेल तेवढी गरम असताना गुडघ्यावर ठेवून वरून फडकं. एक माझ्या, एक स्वतःच्या. मी त्यांना शेगडीपाशी बसून मांडी आवळायचा व्यायाम दाखवला, त्यांनी दोनदा करून हसून सोडून दिला. पानाने काय होतं ते डॉक्टर सांगतील, माझा अनुभव असा की ऊब रात्रभर टिकली आणि झोप लागली.

एक गोष्ट प्रवासवर्णनात कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. सकाळी डबा घेऊन जाणं. थंडीत आखडलेला गुडघा आणि उकिडवं बसणं, ट्रेकमधला सगळ्यात अवघड पॅच हाच. आजोबांची काठी तिथेही कामाला आली, समोर रोवून दोन्ही हातांनी धरायची, आणि जागा अशी निवडायची की मागे थोडा उंचवटा असेल. बायकांनी तर हा विचार आदल्या संध्याकाळी उजेडातच करून ठेवावा.

चौथा दिवस : पाचनई

सकाळी दुखणं तीनवर. संविधानानुसार चालायला परवानगी, पण कमी. नशिबाने प्लॅनमध्येच आज उतार नव्हता, मुळा नदीचं पात्र ओलांडून पाचनईपर्यंत बऱ्यापैकी सरळ चाल. हळूहळू गेलो, सॅक अजून मुलांकडेच. दुपारी पाचनईत पोचून ओढ्याच्या पाण्यात ओला केलेला पंचा गुडघ्यावर गुंडाळून पाय उशीवर उंच ठेवून झोपले. दुसरं काही केलं नाही.

पाचवा दिवस : हरिश्चंद्रगड

पाचनईची वाट ही गडाच्या सगळ्या वाटांमध्ये गुडघ्यांना मानवणारी. कातळाच्या पोटाखालून, एका बाजूला ओढा, ठिकठिकाणी लिंबू सरबताचे ठेले, आरामात दोन-अडीच तास. वीकएंडला इथे इतकी गर्दी असते की चढताना रांग लागते, आम्ही मधल्या वारी होतो म्हणून निवांत.

हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाबद्दल मी काही नवीन सांगणार नाही. एकाच दगडातून उगवल्यासारखं दिसतं ते, आणि चांगदेवांनी इथे तप केलं, तत्त्वसार इथेच लिहिलं असं सांगतात. पण केदारेश्वराच्या गुहेबद्दल सांगते. मोठं शिवलिंग, भोवती कमरेएवढं पाणी, चार खांबांपैकी एकच शाबूत. त्या पाण्यातून प्रदक्षिणा घालतात. डिसेंबरातलं ते पाणी म्हणजे बर्फच. मुलं काठावरून पाय बुडवून किंचाळून परत आली. मी काठी घेऊन, तळाचा निसरडा दगड चाचपत, एक प्रदक्षिणा पूर्ण घातली. श्रद्धा होतीच, पण खरं सांगायचं तर चार दिवसांत गुडघ्याला इतकं छान पहिल्यांदा वाटलं. शेक आणि बर्फ यात डॉक्टर मंडळी काय वाद घालायचा तो घालोत, मला ताज्या दुखण्यावर थंड आणि सकाळच्या आखडलेपणावर गरम लागू पडतं.

संध्याकाळी कोकणकडा. मी पालथी पडून कड्यावरून खाली डोकावले, सगळे तसंच करतात. कडा बाहेरून आत गेलेला, वाटीसारखा खोल, त्यामुळे वारा खालून वर येतो, टाकलेलं पान परत वर येतं. सूर्य कोकणात बुडेपर्यंत बसलो. तारामती (१४२९ मीटर) मुलांनी पहाटे केली, मी नाही.

रात्री तंबूत चर्चा. मूळ प्लॅन तोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरायचा. मी ती वाट केलेली आहे. देवळापासून आधी त्या सात टेकड्या, वर-खाली वर-खाली, मग रेलिंग लावलेला कातळटप्पा, मग खिंडीतलं ते वाघाचं शिल्प, आणि तिथून खिरेश्वरपर्यंत परत उतार, मग खुबी फाट्यापर्यंत धरणाच्या कडेने लांबच लांब रस्ता. सुंदर वाट आहे. एकूण उतार पाचनईपेक्षा जास्त, आणि जास्त उतार दमलेल्या पायांच्या वाट्याला.

भाचा म्हणाला, "मावशी, एवढ्यापर्यंत आलीस, शेवटचं एवढंच राहिलंय. आम्ही सॅक घेतो ना." मैत्रीण गप्प होती, तिला खिरेश्वरचं नागेश्वराचं देऊळ बघायचं होतं हे मला माहीत होतं. मी म्हटलं तुम्ही चौघं जा, मी पाचनईला उतरते, लोक आहेत वाटेवर. मग बरीच हो-नाही झाली. कुणी आल्या वाटेने परत गेलं की ट्रेक अर्धवट राहिला असं आपल्याकडे का मानतात मला कळत नाही. गड बघितला, कडा बघितला, भाकरी खाल्ली. खाली कुठल्या बाजूने आलो याचं प्रमाणपत्र मिळतं का कुठे?

शेवटी मैत्रीण माझ्याबरोबर आली. नागेश्वर राहिलं, त्याबद्दल ती मला अजून ऐकवते.

सहावा दिवस : खाली

सकाळी दहा मिनिटं पोटऱ्या, मांड्या मोकळ्या करून, नी कॅप चढवून, पाणी मोजून. पाणी भरपूर चढताना घ्यावं, उतरताना वाटेत मिळणार असेल तर दोन किलो उगीच पाठीवर कशाला, एक बाटली पुरे. अर्ध्या अर्ध्या तासाने थांबा, पाय सरळ पसरून, दुखायच्या आधीच थांबायचं. वर चढणाऱ्या पोरांनी दोनदा विचारलं, "काकू, बरं आहे ना? हात देऊ?" हात घेतला एके ठिकाणी, ओढ्यापाशी.

चढायला लागला त्यापेक्षा जास्त वेळ उतरायला लागला. दुखणं तीन. चार नाही.

पाचनईतून जीप, राजूरला मिसळ आणि एसटी. मुलांचा फोन दुपारी आला, खुबी फाट्यावर गाडीची वाट बघत होती, कल्याणकडची एक भरून न थांबता गेली होती. भाचा रेलिंगवाल्या टप्प्यावर बसकण मारून उतरला म्हणे, त्याचे दोन्ही गुडघे दुखतायत. त्याला फिजिओचा नंबर पाठवला.

घरी आल्यावर दोन दिवस जिना उतरताना रेलिंग धरावं लागलं, तिसऱ्या दिवशी नाही. सूज आली नाही. पिळायचे पोल वॉचमनकाकांच्या नातवाला दिले, त्याने त्यांचा क्रिकेटचा स्टंप केलाय. नवीन घेताना बाहेरून कडी दाबून बंद होणारी पकड बघून घेतले, दुकानातच दोन्ही पोलवर पूर्ण अंगाचा भार टाकून बघितला, विक्रेता जरा घाबरला. वेळूची काठी मात्र मी कुमशेतला वहिनींकडे ठेवून येणार होते ती पाचनई, हरिश्चंद्रगड, राजूर करत एसटीतून कसाऱ्याला आली, लोकलमध्ये लेडीज डब्यात तिच्यावरून भांडण झालं, आणि आता ती दाराआड उभी आहे. मार्चमध्ये कुमशेतला जायचंय, आजोबांना परत करायची आहे, तेव्हा ह्या वेळी गाडीच्या रस्त्याने.